यकृत कडक का होतं? फायब्रोसिसची कारणं, पेशींमधली घडामोड आणि उपचार

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ असं छापून आलं की काही जण घाबरतात, तर काही जण ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद फाइलमध्ये सारून देतात. दोघांचाही अंदाज चुकू शकतो. तो ग्रेड यकृतात चरबी किती दिसली एवढंच सांगतो. पुढच्या दहा-वीस वर्षांत यकृताचं काय होणार, हे मुख्यतः तिथे तंतू किती साठलेत यावर ठरतं, आणि सुरुवातीच्या टप्प्यांतले तंतू साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. ग्रेड 1 चरबी असलेल्या माणसाच्या यकृतात तंतूंची वाढ पुढे गेलेली असू शकते आणि ग्रेड 3 असलेल्याचं यकृत मऊही असू शकतं.

तंतू साठण्याच्या या प्रक्रियेला फायब्रोसिस म्हणतात. मुळात ती जखम भरण्याचीच प्रक्रिया आहे. यकृताला इजा झाली की तिथे कोलॅजेनचे तंतू तयार होतात आणि इजा थांबली की ते मोडून काढलेही जातात. हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ होऊन बऱ्या झालेल्या बहुतेकांच्या यकृतावर म्हणूनच मागे काही खूण राहत नाही. इजा थांबलीच नाही तर मात्र गणित बिघडतं. विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असेल, दारू रोजची असेल किंवा पेशींमधली चरबी हटत नसेल, तर तंतू तयार होण्याचा वेग मोडण्याच्या वेगापेक्षा जास्त राहतो. हा फरक रोज अगदी किरकोळ असतो. हिपॅटायटिस सीच्या रुग्णाला सिरोसिसपर्यंत, म्हणजे यकृताची मूळ रचनाच मोडण्यापर्यंत, पोहोचायला साधारण 20 ते 30 वर्षं लागतात, ती त्यामुळेच. आणि फायब्रोसिस उलटा फिरू शकतो, तोही याच कारणाने. वेगांचं पारडं फिरवता आलं तर साठलेलं कमी होतं.

फटीतली पेशी

प्रौढ माणसाचं यकृत 1.2 ते 1.5 किलोचं असतं. त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. यातलं तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंडाकडून आलेलं असतं. यकृतपेशींच्या ओळी असतात आणि त्या ओळींमधून सायनुसॉइड नावाच्या बारीक रक्तवाहिन्या जातात. शरीरातल्या बहुतेक केशवाहिन्यांना बाहेरून आधाराचा एक पातळ पडदा असतो. सायनुसॉइडला तो जवळजवळ नसतो, शिवाय तिच्या भिंतीतल्या पेशींना साधारण 100 ते 150 नॅनोमीटरची भोकं असतात. ही चाळणी रक्तपेशींना आत अडवते, पण रक्तातला द्रव तिच्यातून झिरपून थेट यकृतपेशींना भिडतो. औषधं, साखर, प्रथिनं, विषारी द्रव्यं यांची सगळी देवघेव या उघड्या भिंतीतून चालते.

भिंत आणि यकृतपेशी यांच्यामधल्या अरुंद फटीला डिसेची जागा म्हणतात. तारकापेशी राहते ती याच फटीत. यकृतातल्या एकूण पेशींमध्ये तारकापेशी जेमतेम 5 ते 8 टक्के असतात. निरोगी अवस्थेत त्या शांत असतात, क्वचितच विभागतात, आणि पोटात चरबीचे थेंब साठवून ठेवतात. या थेंबांमध्ये शरीरातलं बहुतांश जीवनसत्त्व ए असतं.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल फॉन कुप्फर यांनी 1876 मध्ये सोन्याच्या क्षाराने यकृत रंगवताना या चांदणीसारख्या पेशी पाहिल्या. पुढे त्यांची यकृतातल्या भक्षक पेशींशी गल्लत झाली आणि ती कित्येक दशकं टिकली. 1971 मध्ये जपानच्या केंजिरो वाके यांनी कुप्फर यांच्या मूळ तारकापेशी म्हणजेच जीवनसत्त्व ए साठवणाऱ्या पेशी असल्याचं दाखवून हा गुंता सोडवला. कुप्फर यांचं नाव मात्र आजही भक्षक पेशींनाच चिकटलेलं आहे. या गल्लतीची किंमत मोठी होती, कारण तंतूंचा हा चट्टा नेमकं कोण विणतं हे कळल्याशिवाय त्यावर औषध शोधणं शक्यच नव्हतं.

इजा कशाचीही असो, पुढची साखळी बरीचशी सारखी असते. यकृतपेशी मरताना तिच्यातला ऐवज बाहेर सांडतो. कुप्फर पेशी त्यावर तुटून पडतात आणि रासायनिक निरोप सोडतात. त्यातल्या सीसीएल-2 या निरोपामुळे रक्तातून आणखी भक्षक पेशी येऊन दाखल होतात. टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ हे निरोप तारकापेशीला मिळतात आणि ती कूस बदलते. तिच्यातले जीवनसत्त्व ए चे थेंब नाहीसे होतात. स्नायूंमध्ये आढळणारं आकुंचनाचं एक प्रथिन तिच्यात तयार होऊ लागतं. पीडीजीएफच्या प्रभावाखाली ती भराभर विभागते आणि इजेच्या दिशेने सरकते. टीजीएफ-बीटाच्या प्रभावाखाली ती पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन ओतू लागते. या बदललेल्या पेशीला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात.

याच पेशी आणखी एक उद्योग करतात. कोलॅजेन मोडणारी विकरं यकृतात आधीपासून असतात. मायोफायब्रोब्लास्ट टिम्प-1 नावाचं प्रथिन सोडून त्यांना रोखून धरतात. म्हणजे एकीकडे बांधकाम वाढतं आणि दुसरीकडे पाडकाम बंद पडतं. त्यातच लायसिल ऑक्सिडेज गटातली विकरं कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालतात. टाके पडलेलं कोलॅजेन मोडायला कठीण जातं.

यापुढचा भाग सर्वांत त्रासदायक. टीजीएफ-बीटा बहुतांशी निष्क्रिय अवस्थेत, एका आवरणात बंद असतो. पेशींच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन नावाची प्रथिनं ते आवरण ओढून उघडतात. भोवतालचा भाग जितका ताठ, तितकी ही ओढ परिणामकारक. त्यामुळे यकृत कडक झालं की त्या कडकपणानेच आणखी तारकापेशी जाग्या होतात.

फटीत कोलॅजेन भरलं की सायनुसॉइडची भोकं बुजतात आणि तिच्याखाली एरवी नसलेला पडदा तयार होतो. यकृतपेशीला रक्त दिसतं, पण देवघेव होत नाही. दुसरीकडे आकुंचन पावणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट वाहिनी आवळतात आणि पोर्टल शिरेतला दाब चढतो. पोर्टल शिरा आणि यकृताच्या शिरा यांच्यातला दाबाचा फरक एरवी 1 ते 5 मिलिमीटर पारा असतो. तो 10 च्या पुढे गेला की अन्ननलिकेतल्या शिरा फुगणं, पोटात पाणी होणं असे धोके सुरू होतात, 12 च्या पुढे त्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. रक्त मागे तुंबल्यामुळे प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात. प्लेटलेट्सचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे हिशेबात लागणार आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली या सगळ्याचे F0 ते F4 असे टप्पे पाडतात. F1 मध्ये तंतू पोर्टल भागापुरते, म्हणजे पोर्टल शिरेच्या फांद्यांभोवती, असतात, F2 मध्ये त्यातून काही पट्टे निघतात, F3 मध्ये पट्ट्यांची संख्या खूप वाढते, आणि F4 म्हणजे सिरोसिस, जिथे पट्ट्यांनी वेढलेल्या गाठींमध्ये यकृताची मूळ रचनाच मोडते. दारू आणि चरबी यांमुळे होणारा फायब्रोसिस मात्र पोर्टल भागाऐवजी बहुधा मधल्या शिरेभोवती सुरू होतो आणि एकेका पेशीला जाळीसारखा वेढत जातो. पित्तनलिकांच्या आजारांत तारकापेशींच्या जोडीला पोर्टल भागातले फायब्रोब्लास्टही कामाला लागतात.

इजा कोण करतं

कारणांची यादी लांब आहे: हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, चयापचयातल्या बिघाडातून साठलेली चरबी, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला, पित्तनलिकांचे आजार, तांबं साठवणारा विल्सन रोग, लोह साठवणारा हिमोक्रोमॅटोसिस, हृदय कमजोर झाल्यामुळे यकृतात तुंबणारं रक्त, सोरायसिस किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेथोट्रेक्सेट. बऱ्याच रुग्णांत यातली दोन कारणं एकत्र असतात, आणि दारू व लठ्ठपणा ही जोडी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नुकसान करते.

दारूचा हिशेब पेगमध्ये केला जातो आणि तिथेच फसगत होते. भारतात मिळणारी व्हिस्की किंवा रम साधारण 42.8 टक्क्यांची असते. म्हणजे 30 मिलिच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिच्या बाटलीत ते सुमारे 41 ग्रॅम असतं, म्हणजे चार छोटे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याला यकृताच्या दृष्टीने अर्थ नाही.

चरबीच्या आजाराचं वैद्यकीय नाव 2023 मध्ये बदललं. पूर्वी ‘दारूशिवायचा फॅटी लिव्हर’ म्हणत, आता मधुमेह, पोटाचा घेर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड यांतलं किमान एक कारण जोडून एमएएसएलडी असं निदान केलं जातं. आपल्याकडची माणसं वजनाच्या काट्यावर बारीक दिसतात, चरबी मात्र पोटात असते. म्हणून बीएमआय 23 च्या पुढे, किंवा कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की विचार करायला हवा. नुसती चरबी असेल तर फायब्रोसिसचा एक टप्पा पुढे सरकायला सरासरी 14 वर्षं लागतात. चरबीबरोबर पेशींना सूज आणि इजा असेल तर सरासरी 7 वर्षं. 2008 मध्ये सापडलेला पीएनपीएलए-3 जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांची वाट आणखी लवकर संपते.

महाराष्ट्राशी थेट जोडलेलं एक कारण आता जवळजवळ इतिहासजमा झालं आहे. इंडियन चाइल्डहूड सिरोसिस हा आजार दोन-तीन वर्षांच्या मुलांना होत असे आणि बहुतेक मुलं दगावत. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर 1980 च्या दशकात या मुलांच्या आहाराचा माग काढला. आजारी मुलांना लहानपणीच वरचं दूध सुरू झालं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवलं, साठवलं जात होतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. कल्हई उडालेल्या भांड्यात हे तांबं दुधात उतरतं, आणि तान्ह्या बाळाच्या यकृताला ते पित्तावाटे पुरेसं बाहेर टाकता येत नाही. शरीरातलं तांबं बांधून बाहेर काढणारं पेनिसिलामाइन लवकर दिलेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण घटलं, आणि घरोघरी स्टील आल्यावर आजारच ओसरला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही मुलांमध्ये असाच आजार होता आणि तांब्याची भांडी बदलल्यावर तोही थांबला. कारण काढून घेणं हा उपचार किती जोरकस ठरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण यकृताच्या आजारांत दुसरं क्वचितच सापडेल.

मोजायचं कसं

यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत, आणि F3 पर्यंत बहुतेकांना काहीही होत नाही. रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल आलं म्हणून फायब्रोसिस नाही असंही म्हणता येत नाही. ते एन्झाइम आज किती पेशी फुटतायत ते सांगतं. आजवर किती चट्टा जमला याची नोंद त्यात नसते.

पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे. एफआयबी-4 नावाचा आकडा घरी काढता येतो. वयाला एसजीओटीने (एसजीपीटीबरोबर तपासलं जाणारं दुसरं एन्झाइम) गुणायचं. प्लेटलेट्सचा आकडा हजारांत घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं.

समजा वय 52, एसजीओटी 64, एसजीपीटी 49 आणि प्लेटलेट्स 1.6 लाख. 52 गुणिले 64 म्हणजे 3328. 49 चं वर्गमूळ 7, आणि 160 गुणिले 7 म्हणजे 1120. भागाकार 2.97. आता 45 वर्षांच्या दुसऱ्या माणसाचं तेवढंच एसजीपीटी धरू, पण एसजीओटी 36 आणि प्लेटलेट्स 2.4 लाख. उत्तर 0.96. एसजीपीटी सारखंच असूनही दोघांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या रिपोर्टवर प्लेटलेट्स लाखांत छापतात. तिथे 160 ऐवजी 1.6 घातलं तर उत्तर 297 येतं. असा आकडा दिसला तर घाबरण्याआधी शून्यं तपासा.

1.3 च्या खाली उत्तर असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी असते. मधुमेह असल्यास ही चाचणी एक-दोन वर्षांनी, नसल्यास दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी. 2.67 च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांकडे जावं. मधल्या पट्ट्यात असेल तर यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन ही तपासणी. वय 65 च्या पुढे असेल तर खालची मर्यादा 1.3 ऐवजी 2.0 धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा आकडा भरवशाचा नाही. आणखी एक सापळा पावसाळ्यातला आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात आणि एसजीओटी चढतं, त्यामुळे एफआयबी-4 आभाळाला भिडतो. जिममध्ये स्नायू फार ताणले तरी एसजीओटी वाढतं. ताप जाऊन काही आठवडे झाल्यावरच्या रक्तावर हिशेब करावा.

फायब्रोस्कॅनमध्ये माणसाला उताणं झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात. बरगड्यांच्या मधल्या जागेवर प्रोब ठेवून 50 हर्ट्झचा हलका ठोका देतात. यकृत जितकं ताठ, तितकी त्यातून लहर वेगाने जाते. तो वेग मोजून ताठरपणा किलोपास्कलमध्ये सांगितला जातो. निरोगी यकृत साधारण 5 च्या आसपास असतं. चरबीच्या आजारात 8 च्या खाली आलं तर पुढचा फायब्रोसिस बहुधा नाही, 12 च्या वर आलं तर बहुधा आहे. 25 किंवा जास्त असेल तर पोर्टल दाब चढलेला असण्याची दाट शक्यता असते, मात्र लठ्ठ माणसाच्या फॅटी लिव्हरमध्ये हा आकडा इतक्या खात्रीने लागू पडत नाही.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. किमान 10 मोजमापं घेतली का, आणि आयक्यूआर-मीडियन हे प्रमाण, म्हणजे मोजमापं एकमेकांपासून किती विखुरली आहेत ते, 30 टक्क्यांच्या आत आहे का. तपासणीआधी किमान 3 तास काही खाल्लेलं नसावं, कारण जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. तीव्र कावीळ, पित्तनलिकेतला अडथळा आणि हृदयाच्या कमजोरीमुळे तुंबलेलं रक्त यांमुळेही यकृत ताठ भासतं. ऐन काविळीत केलेल्या फायब्रोस्कॅनवरून सिरोसिसचं लेबल लावू नये. कातडीपासून यकृत 25 मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर मोठा, एक्सएल प्रोब लागतो. पोटात पाणी असेल तर नेहमीची तपासणी जमतच नाही.

बायॉप्सी अजून बाद झालेली नाही, पण सुईत येणारा तुकडा यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग असतो. तो ज्या जागचा निघाला तिथलंच तो सांगतो. निदानाचा गुंता असेल, किंवा दोन कारणांपैकी कुठलं खरं हे ठरवायचं असेल, तेव्हाच ती करण्यात अर्थ आहे.

उपचार: आधी इजा थांबवा

हिपॅटायटिस सीवर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर या गोळ्या बहुतेकांना 12 आठवडे पुरतात आणि 95 टक्क्यांहून अधिक रुग्णांतला विषाणू नाहीसा होतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस सी आणि बीची औषधं मोफत मिळतात. पूर्वी, रक्ताची तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांनी एकदा सीची तपासणी करून घ्यावी.

हिपॅटायटिस बीचा विषाणू सहसा पूर्ण जात नाही, पण टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरने दाबून ठेवता येतो. सिरोसिस कायमचाच असतो या समजुतीला सर्वांत मोठा धक्का इथूनच बसला. टेनोफोव्हिर पाच वर्षं घेतलेल्या 348 रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या बायॉप्सींची तुलना 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 96 जणांना सुरुवातीला सिरोसिस होता. पाच वर्षांनी त्यातल्या 71 जणांच्या तुकड्यात तो उरला नव्हता. ज्यांच्यात सुधारणा झाली नाही, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त होता.

इजा थांबली की तारकापेशींचं काय होतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून 2012 मध्ये कळलं. जाग्या झालेल्या पेशींपैकी साधारण निम्म्या मरतात. उरलेल्या पुन्हा शांत होतात, पण पूर्वीसारख्या नाही. पुन्हा इजा झाली तर त्या आधीपेक्षा लवकर उठतात. चार वर्षं दारू सोडून पुन्हा धरलेल्या माणसाने हे ध्यानात ठेवायला हवं. दुसरीकडे भक्षक पेशीही भूमिका बदलतात. सूज पेटवणाऱ्याच पेशी कोलॅजेन मोडणारी विकरं सोडू लागतात. फक्त जुने, टाके पडलेले, जाड पट्टे, ज्यांत पेशीच फारशा उरलेल्या नाहीत, ते सहज हटत नाहीत.

चरबीच्या आजारात वजन हाच मुख्य उपाय, आणि त्याची मात्रा ठाऊक आहे. क्युबात 293 रुग्णांवर 52 आठवडे झालेल्या अभ्यासात शरीराचं 10 टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी 45 टक्क्यांमध्ये फायब्रोसिस मागे हटला. 82 किलोच्या माणसासाठी हे आठ-साडेआठ किलो होतात. पण एवढं वजन उतरवू शकले ते दहातले एक. म्हणून औषधांची गरज आहेच. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा आहे. साखरेची पेयं आधी बंद करावीत. काविळीत उसाचा रस पाजायची पद्धत फॅटी लिव्हरला लावू नये, कारण त्यातल्या फ्रुक्टोजची चरबी यकृतातच बनते.

मार्च 2024 मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरोम हे या आजाराचं तिथलं पहिलं औषध मंजूर झालं, तेही F2-F3 टप्प्यांसाठी. यकृतातल्या थायरॉइड संप्रेरकाच्या एका विशिष्ट रिसेप्टरला चालना देऊन ते चरबी जाळतं. 52 आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे 26 टक्क्यांमध्ये फायब्रोसिस किमान एक टप्पा कमी झाला, नकली गोळी घेणाऱ्यांत 14 टक्के. ऑगस्ट 2025 मध्ये आठवड्याला एकदा टोचायच्या 2.4 मिलिग्रॅम सेमाग्लुटाइडलाही याच टप्प्यांसाठी मान्यता मिळाली. त्याचा 72 आठवड्यांचा आकडा 37 टक्के, नकली इंजेक्शनचा 22. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही माफक आहेत. दोन्ही औषधं तारकापेशीला थेट हात लावत नाहीत, हेही पाहण्यासारखं आहे. ती इजाच कमी करतात. भारतात सारोग्लिटाझारला 2020 मध्ये मान्यता मिळाली. त्याने एसजीपीटी आणि चरबी उतरते. फायब्रोसिस हटतो का, याचा पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही.

मग थेट चट्ट्यावर मारा करणारी औषधं कुठे आहेत? बरीच येऊन गेली. कोलॅजेनला टाके घालणारं विकर अडवणारं सिमटुझुमॅब चाललं नाही. पेशींच्या ताणाचा निरोप तोडणारं सेलोन्सर्टिब 2019 मध्ये चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात पडलं. भक्षक पेशींची आयात रोखणारं सेनिक्रिव्हिरॉकही पुढे तसंच बाद झालं. प्रत्येकाची कल्पना तर्काला धरून होती आणि प्राण्यांत परिणामही दिसला होता. पण उंदराचा फायब्रोसिस काही आठवड्यांचा असतो, माणसाचा 20 वर्षांचा. निरोपांना पर्यायी वाटा असतात, एक अडवली की दुसरी चालू होते. आणि टीजीएफ-बीटा सगळीकडून बंद करावा तर तो प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचं आणि कर्करोगाच्या पेशी सुरुवातीलाच दाबण्याचं कामही करत असतो. म्हणून आता इंटेग्रिनसारखी जागा निवडून तो फक्त चट्ट्यापाशी अडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. एफजीएफ-21 या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या इफ्रक्सिफर्मिन आणि पेगोझाफर्मिन यांच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या सध्या सर्वांत आशादायक वाटतात. एडिनबर्गमध्ये रुग्णाच्याच रक्तातल्या पेशींपासून भक्षक पेशी वाढवून त्या परत टोचल्या गेल्या. उपचार सुरक्षित ठरला, पण चाचणीचं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

या पोकळीत ‘लिव्हर टॉनिक’ शिरतात. त्यांनी चट्टा हटतो याचा धड पुरावा नाही, आणि काहींनी उलट इजा होते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2020 च्या शेवटच्या चार महिन्यांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद कुठेही जावो, ज्याचं यकृत आधीच आजारी आहे त्याने काढे, भस्मं आणि बिननावाच्या पुड्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. कॉफीबद्दल मात्र चांगलं सांगता येतं. रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो. हा कारणाचा पुरावा नाही, पण साखर न घालता प्यायला हरकत नाही.

सिरोसिसपर्यंत गेलेल्यांचं पथ्य आपल्या घरांत बहुधा उलटं पाळलं जातं. अंडी, डाळी, दूध बंद होतं आणि माणूस मऊ भातावर राहतो. प्रत्यक्षात अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. यकृतात साखरेचा साठा उरत नसल्याने रात्रभराच्या उपाशीपोटात शरीर स्वतःचे स्नायू खातं. झोपताना दूध-पोळी किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे द्यावेत. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावं. पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत चालतं. पोर्टल दाब चढला असेल तर कार्व्हेडिलोल 6.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून सोसलं तर 12.5 पर्यंत नेतात.

विषाणू गेला, दारू सुटली, फायब्रोस्कॅनचा आकडा 18 वरून 9 वर आला, तरी एकदा F4 पर्यंत पोहोचलेल्या यकृतातला कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी, शक्य असल्यास एएफपी या यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीसह, चालूच ठेवावी लागते. अशा तपासणीत 2 सेंटिमीटरच्या आत सापडलेली गाठ सुईने जाळून टाकता येते.